दहा हजार तास कोणाचे? मोठेपणी वाद्य शिकण्यावरचं संशोधन वाचताना

पंचविशी ओलांडलेल्या कुणी पेटी किंवा मृदंग शिकायचा म्हटलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. गावातले म्हणतात, "आता बोटं वळत नाहीत." शिकलेले म्हणतात, "दहा हजार तास लागतात, संशोधनच आहे तसं." पहिल्या वाक्याशी निदान वाद घालता येतो. दुसरं विज्ञानाचं नाव घेऊन येतं, म्हणून त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. आज तेच तपासू. संशोधनाच्या तयारीत असाल तर ही सवय आत्ताच लावून घ्या: आकडा ऐकला की आधी विचारायचं, तो कोणावर मोजला?

हा आकडा आला १९९३ च्या एका पेपरमधून. अँडर्स एरिक्सन आणि दोन सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिन शिकणारे ३० विद्यार्थी घेतले. १० सर्वोत्तम, १० चांगले आणि १० संगीतशिक्षक होण्याच्या मार्गावरचे. लहानपणापासून दर आठवड्याला किती तास सराव केला, हे त्यांना आठवून सांगायला लावलं. विसाव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाची सरासरी दहा हजारांच्या पुढे गेली. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांनी 'आउटलायर्स' या पुस्तकात त्याचा नियम केला आणि आकडा जगभर गेला. खुद्द एरिक्सन यांनी नंतर सांगितलं की असा नियम आमच्या अभ्यासातून निघत नाही.

आता सॅम्पल बघा. या मुलांनी सरासरी आठव्या वर्षाच्या आसपास सराव सुरू केला होता. मोठेपणी पहिल्यांदा वाद्य हातात घेतलेला त्यांत एकही नाही. शिकणं अर्ध्यात सोडलेलेही नाहीत, कारण ते अकादमीपर्यंत पोचलेच नाहीत. शेगावची पालखी पंढरपूरला जाताना आमच्या मेडशीवरून जाते. समजा, पंढरपूरला पोचलेल्या वारकऱ्यांचीच चाल मोजली आणि मेडशीहून मालेगावला निघालेल्या माणसाला सांगितलं, "तुलाही एवढंच चालावं लागेल." त्या माणसाबद्दल आपण काहीच मोजलेलं नाही. दहा हजार तासांचं तसंच आहे.

पुढचे अभ्यास हा मुद्दा आणखी सैल करतात. २०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी ८८ अभ्यास एकत्र करून पाहिले. संगीतात, वादकावादकांतल्या फरकापैकी साधारण २१ टक्के फरक सरावाच्या तासांशी जुळत होता. इथे पुष्कळ जण घसरतात. याचा अर्थ 'तुमच्या यशात सरावाचा वाटा २१ टक्के' असा होत नाही. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे, एका माणसाच्या प्रगतीबद्दल नाही. तुम्ही रोज अर्धा तास बसलात तर सहा महिन्यांनी कुठे असाल, हे तो सांगत नाही. २०१९ मध्ये मॅकनमारा आणि मेघा मैत्रा यांनी व्हायोलिनचाच अभ्यास पुन्हा करून पाहिला. त्यात 'सर्वोत्तम' गटाने 'चांगल्या' गटापेक्षा जास्त सराव केलेला दिसला नाही.

मग मोठ्यांवर काही अभ्यास आहे का? आहे. २००७ मध्ये जेनिफर ब्युगोस आणि सहकाऱ्यांनी ६० ते ८५ वयाच्या, संगीत न शिकलेल्या लोकांतल्या काहींना सहा महिने पियानो शिकवला. लक्ष आणि कामाचा वेग मोजणाऱ्या काही चाचण्यांत त्यांची सुधारणा झाली. बातमी छान आहे, पण कंट्रोल ग्रुप बघा: त्या लोकांना काहीच शिकवलं नव्हतं. मग फायदा पियानोचा, की दर आठवड्याला शिक्षक भेटण्याचा, की घरी नेमाने काहीतरी करण्याचा? या रचनेतून ते वेगळं काढता येत नाही. शिवाय मोजली गेली बुद्धीची चाचणी. पियानो किती आला, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

माझी खरी तक्रार इथे आहे. मोठेपणी शिकणाऱ्याला काय हवंय, हे यातल्या कुठल्याच अभ्यासात केंद्रस्थानी नाही. भजनात बसणाऱ्याला मैफल गाजवायची नसते. डाव्या पुडीला कणीक किती लावायची ते कळावं, आठ मात्रांचा ठेका धरता यावा, अभंग चढीला लागला तरी लय पळू नये, एवढं पुरतं. पेटीवाल्याला गाणाऱ्याचा स्वर सापडला तरी काम भागतं. ज्याला पद्धतशीर जायचं त्याच्यासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत परीक्षा आहेतच. तीन ध्येयं, तीन मोजपट्ट्या. एका आकड्यात ती बसणार कशी?

अभ्यास करायचाच तर तो मेडशीसारख्या गावातही करता येईल. शिकायची इच्छा असलेले तिशी-चाळिशीचे लोक घ्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एकाला मृदंग शिकवा, दुसऱ्याला तेवढाच वेळ हरिपाठाला बसवा, वाद्याशिवाय. तीन महिन्यांनी दोन्ही गटांकडून हातावर ठेका धरून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि लय किती सरकते ते मोजा. आणि मध्येच सोडून गेलेल्यांची नोंद नक्की ठेवा. ते का गेले, यात अर्धं उत्तर असतं.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण हेच वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाणार आहे. बाविसाव्या वर्षी कोडिंग सुरू केलं, तेविसाव्या वर्षी पहिला इंग्रजी पेपर पूर्ण वाचला, तर कोणीतरी म्हणेलच की बाकीचे शाळेपासून करतायत, तुला उशीर झाला. त्याला शांतपणे विचारा: हे कोणावर मोजलं? आणि त्यात उशिरा सुरू केलेले किती होते? उत्तर 'एकही नाही' असेल, तर त्या आकड्यावरून स्वतःचा निर्णय घेऊ नका.