तीन संज्ञांचे परीक्षण : पुनरावृत्ती, कूटलेखन आणि संदेशाचा ठसा

हिंजवडीलगतचे ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले, आणि आज ते महाविद्यालयांचे गाव म्हणून ओळखले जाते. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली. त्यानुसार ताथवड्याजवळच निगडी येथील पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला. तेव्हापासून या परिसरात परिभाषेचा प्रश्न केवळ कोशकारांचा राहिलेला नाही. तो परीक्षार्थ्यांचाही झाला आहे. प्रतिशब्द व्युत्पत्तीने निर्दोष आहे काय, एवढेच पाहून आता भागत नाही. तो त्या वस्तूचा व्यापार नीट सांगतो काय, हेही पाहावे लागते. जावा भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील तीन साधने या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत.

पहिले ‘इटरेटर’. हे १९९८ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. ‘इटरेशन’ला सहज सुचणारा प्रतिशब्द ‘पुनरावृत्ती’. परंतु इटरेटर कशाचीही पुनरावृत्ती करीत नाही. पुढे काही उरले आहे काय, हे तो सांगतो आणि असल्यास पुढचा घटक हाती देतो. एकदा संपला की तोच इटरेटर मागे फिरत नाही. पाणिनीने आठव्या अध्यायात द्विरुक्तीचे दोन अर्थ वेगळे केले आहेत : एक क्रियेचे पुनःपुन्हा होणे, दुसरा वीप्सा, म्हणजे प्रत्येकाला व्यापणे. मराठीत ‘बसून बसून कंटाळला’ हा पहिला प्रकार, ‘घरोघर हिंडला’ हा दुसरा. इटरेटरचा व्यापार दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याला ‘एकेक घेणे’ म्हटले तरी पुरे. ‘पुनरावृत्ती’ म्हटल्याने मात्र अर्थ पालटतो.

दुसरे ‘सायफर’ व तिसरे ‘मेसेजडायजेस्ट’. या दोहोंना ‘कूट’ हे एकच उपपद लावण्याची प्रवृत्ती सर्वांत घातक होय. सायफर सुरू करताना त्यास किल्ली द्यावी लागते आणि कूटलेखन करावयाचे की उकल, हेही सांगावे लागते. व्याकरणाच्या भाषेत, या क्रियेला करणकारक अपरिहार्य आहे आणि तिची उलट क्रियाही आहे. महानुभावांची सकळ लिपी हे याचे मराठी उदाहरण. ज्यास संकेत ठाऊक त्यास ग्रंथ वाचता येई, इतरांस नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी तो संकेत उलगडताच शतकांचे झाकलेले वाङ्मय खुले झाले.

मेसेजडायजेस्टला किल्ली लागत नाही आणि त्याची उलट क्रियाही लायब्ररीत नाही. संदेश एका ओळीचा असो वा सहस्र पृष्ठांचा, ‘शा-२५६’ या पद्धतीने २५६ बिटांचेच फलित निघते, आणि त्यावरून मूळ संदेश परत उभा करता येत नाही. येथे जवळचे उदाहरण ग्रंथसंख्येचे. हस्तलिखिताच्या शेवटी बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ या मापाने संख्या नोंदविली जाई. तीवरून काव्य कळत नसे, पण काही गळले वा घुसडले असल्यास संशय येई. साम्य मात्र इथेच संपते. एका अक्षराच्या जागी दुसरे घातले तर ग्रंथसंख्या तीच राहते. शा-२५६ मध्ये एक बिट पालटताच फलिताचे सरासरी निम्मे बिट पालटतात.

मग डायजेस्टला काय म्हणावे? ‘सार’ वा ‘सारांश’ म्हटल्यास त्यात आशय उरतो असे वाटते. तो उरत नाही. मराठी कागदपत्रांच्या शेवटच्या मोर्तबावरून ‘मुद्रा’ सुचते. पण मुद्रा कोणाची, हा प्रश्न तिच्यात अंतर्भूत आहे, आणि किल्लीविना काढलेले डायजेस्ट प्रेषकाची साक्ष देत नाही. ती जागा अंकीय स्वाक्षरीची. ‘ठसा’ हा शब्द अधिक योग्य दिसतो : अंगठ्याच्या ठशावरून माणूस घडविता येत नाही, ओळखता मात्र येतो.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. ‘परवलीचा शब्द कूटबद्ध करून ठेवावा’ असे वाक्य शिकलेला विद्यार्थी पुढे तो खरोखरच किल्लीने कूटबद्ध करील, आणि किल्ली चोरीस जाताच सर्वांचे परवलीचे शब्द उघडे पडतील. साधा ठसाही पुरत नाही, कारण संभाव्य शब्दांचे ठसे काढून ताडून पाहणे सोपे असते. म्हणून २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘पीबीकेडीएफ-२’ पद्धतीत प्रत्येक परवलीच्या शब्दास निराळी यादृच्छिक भर घालून ठशाची क्रिया किमान सहस्र वेळा करावी, असे सुचविले होते. पुढे ही संख्या पुष्कळ वाढविण्यात आली. येथे मात्र क्रिया पुनःपुन्हा होते. ‘पुनरावृत्ती’ हा शब्द या स्थळासाठीच राखून ठेवणे इष्ट. इटरेटरवर तो आधीच खर्ची पडला, तर खरी पुनरावृत्ती जेथे आहे तेथे मराठीपाशी शब्द उरणार नाही.