भूमिगत निधि आणि हौशी धातुशोधक : इंग्लंडांतील व्यवस्थेचें परीक्षण

जमिनींत सांपडलेल्या निधीवर सत्ता कोणाची, हा प्रश्न आमच्या धर्मशास्त्रकारांस नवा नव्हता. मनु व याज्ञवल्क्य या दोघांनींहि त्याचा निर्णय केला आहे. आणि निधि सांपडूनहि जो राजास कळवीत नाहीं, त्याजकडून तो घेऊन वर दंडहि करावा, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. परंतु हे सर्व नियम द्रव्याच्या वांटणीचे होत. निधि किती खोल होता, कोणत्या भांड्यांत होता, त्याच्या सान्निध्यास काय होतें, हें विचारण्याचें स्मृतिकारांस कारण नव्हतें. इतिहाससंशोधकास मात्र तेंच प्रथम विचारावें लागतें. हा भेद लक्षांत ठेवून इंग्लंड व वेल्स येथील व्यवस्थेचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून हिंडण्याचा छंद तिकडे बराच फैलावला आहे. जमीनमालकाची अनुमति असली आणि जागा संरक्षित स्मारकाची नसली, म्हणजे सामान्यतः त्यास आडकाठी नाहीं. १९९६ च्या कायद्यानें, ३०० वर्षांहून जुनी व शेंकडा १० तरी सोनें अगर रुपें असलेली वस्तु 'निधि' ठरते. सुट्या एकेका नाण्यास हा नियम लागू नाहीं, पण अशीं दोन नाणीं एकत्र सांपडल्यास तींहि निधि होत. निधि सांपडल्यापासून १४ दिवसांचे आंत कॉरोनरास कळवावें लागतें. एखाद्या संग्रहालयानें तो घेतल्यास बाजारभावानें मोबदला मिळतो, व तो बहुधा शोधक आणि जमीनमालक वांटून घेतात. इतर वस्तूंची नोंद स्वेच्छेनें व्हावी म्हणून १९९७ सालीं एक योजना निघाली. ब्रिटिश म्यूझियमच्या देखरेखीखालील या नोंदींची संख्या आतां १५ लाखांहून अधिक झाली आहे.

हें कार्य लहान नव्हे. नांगराखालीं व खतांच्या क्षारांनीं ज्या वस्तु निमूटपणें झिजल्या असत्या, त्यांचें स्थान या नोंदींमुळें नकाशावर उमटलें. १९८७ सालीं आयर्लंडच्या प्रजासत्ताकानें, परवानगीवांचून पुराणवस्तु शोधण्यासाठीं अशीं यंत्रें वापरण्यास मनाई केली. त्या मार्गाचे पुरस्कर्ते इंग्लंडची रीत शिथिल म्हणतात. त्यांच्या आक्षेपांत तथ्य आहे. पण गुण-दोष दोन्ही तोलले पाहिजेत, आणि त्यास २०१५ सालचीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत.

ऑक्सफर्डशायरमध्यें वॉटलिंग्टनजवळ एका शोधकास नाण्यांचा साठा लागला. त्यानें तो उपसून न काढतां तज्ज्ञांस कळविलें. तज्ज्ञांनीं मातीच्या ढेपेसकट साठा उचलून संग्रहालयांत उकलला. सुमारें २०० नाण्यांच्या या साठ्यांत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड व मर्सियाचा राजा चेओलवुल्फ या उभयतांचीं, एकाच प्रकारचीं नाणीं निघालीं. आल्फ्रेडच्या पक्षाची बखर चेओलवुल्फास मूर्ख व परक्यांचा अंकित म्हणून हिणविते. नाण्यांवर मात्र दोन सम्राट शेजारीं शेजारीं बसलेले आहेत. बखर आणि अस्सल साधन यांतील विरोध आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. येथें काय घडलें हें त्यांस अधिक सांगणें नको.

त्याच वर्षीं हेरफर्डशायरमध्यें लेम्स्टरजवळ त्याच काळचा दुसरा साठा निघाला. तो काढणाऱ्या दोघांनीं तो दडविला व विकावयास काढला. सुमारें ३०० नाण्यांपैकीं ३० च्या आसपास हातीं आलीं. २०१९ सालीं दोघांस कारावास झाला. परंतु दंडानें चोरास शासन होतें, फुटलेला साठा जुळत नाहीं. आल्फ्रेड-चेओलवुल्फ संबंधावर पडावयाचा प्रकाश तेवढ्यापुरता अर्धा विझला.

आमचा मुख्य आक्षेप असा कीं, या व्यवस्थेनें मोबदला धातूस जोडला, स्थानास नाहीं. २०१० सालीं कंब्रियांत क्रॉस्बी गॅरेट येथें रोमन घोडेस्वाराचें एक अपूर्व शिरस्त्राण मिळालें. तें तांब्याच्या मिश्रधातूचें व एकटेंच, म्हणून कायद्यानें निधि ठरलें नाहीं. अभ्यासकांस पुरतें तपासतां येण्यापूर्वींच त्याची डागडुजी झाली आणि २० लाख पौंडांहून अधिक किंमतीस तें खासगी हातीं गेलें. २०२३ च्या दुरुस्तीनें २०० वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातुवस्तु निधींत आल्या, हें योग्य झालें. पण तीहि दुरुस्ती वस्तूचीच. गैरवर्तनाबद्दल मोबदला कमी करण्याचा अधिकार तिकडे आहे. त्याच न्यायानें, खणणें थांबवून प्रथम कळविणाऱ्यास अधिक मोबदला देण्याची निश्चित तरतूद व्हावी, असें आमचें मत आहे.

आतां आपल्या घराकडे पाहूं. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाचीं १३ हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारिला होता. क्षहरातवंशाच्या उच्छेदाची नाशिकच्या लेण्यांतील प्रशस्ति कवीची अत्युक्ति नव्हे, हें या साठ्यानें दाखविलें. सुटें नाणें पुनर्मुद्रण सांगतें. त्याचें प्रमाण सांगतो तो साठाच. आणि आपला १८७८ चा निधिविषयक कायदा काय म्हणतो? सरकारास निधि घ्यावयाचा तर नुसत्या धातूची किंमत व तिचा एकपंचमांश एवढें द्यावें. इंग्लंडांत निदान बाजारभाव मिळतो. येथें रुप्याच्या वजनावर इतिहास तोलला आहे! मग शेतकऱ्यानें सराफाची पायरी चढली तर नवल कोणतें?

यंत्र दोषी नाहीं व छंदहि दोषी नाहीं. ज्यास जें मोल कायदा दाखवितो, तेंच तो जपतो. स्थानाचें मोल जोंवर कोणीं ठरविलें नाहीं, तोंवर जमिनींतून नाणीं येतील. त्यांबरोबर इतिहास येईलच असें नाहीं.