पुरवणीचे संगीत आणि भयाची संहिता : ‘तुंबाड’च्या निमित्ताने

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘अतिरिक्त संगीत’ अशी एक नोंद कधीकधी आढळते. मुख्य संगीतकाराने रचलेल्या संहितेत जे उणे राहिले ते भरून काढणारा दुसरा हात, एवढाच तिचा रूढ अर्थ. परंतु जे पूर्ण आहे त्याला पुरवणीची गरज का भासावी, हा प्रश्न ह्या नोंदीच्या पोटातच दडलेला आहे. पुरवणी मूळ संहितेत भर घालते आणि त्याच वेळी मुळातील अभावही उघडा करते, ही देरिदाची १९६७ मधील मांडणी येथे आठवावी. मिशेल शियाँ ह्या फ्रेंच अभ्यासकाने १९९० मध्ये ध्वनीसंबंधी असेच काही सांगितले : ध्वनी दृश्याला अर्थ पुरवितो, पण तो अर्थ दृश्यातच होता असा भास प्रेक्षकाला होतो. भयपट हे ह्या भासाचे सर्वांत मोठे क्षेत्र होय. बंद दाराचे दृश्य स्वतःहून भयप्रद नसते. ते तसे ‘ऐकविले’ जाते.

पाश्चात्य भयपटाच्या इतिहासात ह्या पुरवणीने अनेकदा मुख्य संगीताची जागा घेतलेली दिसते. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) साठी लालो शिफ्रिन ह्यांनी रचलेले संगीत नाकारले गेले. जॅक निट्शे ह्यांचे अतिरिक्त संगीत आणि माइक ओल्डफील्ड ह्यांची आधीच ध्वनिमुद्रित झालेली रचना ह्यांवर चित्रपटाची श्रुतिप्रतिमा उभी राहिली. ‘द शायनिंग’ (१९८०) मध्ये कुब्रिक ह्यांनी बार्टोक, लिगेटी व पेंडेरेत्स्की ह्यांच्या पूर्वरचनांवर मोठी भिस्त ठेवली. हिंदी चित्रपटात मात्र हा क्रम मुळातच उलटा होता. ‘महल’ (१९४९) मधील भय खेमचंद प्रकाश ह्यांच्या गीतात व लता मंगेशकर ह्यांच्या स्वरात साठविलेले आहे. ‘बीस साल बाद’ (१९६२) व ‘वह कौन थी’ (१९६४) ह्यांनी तोच संकेत दृढ केला. अदृश्य स्त्रीचा स्वर नायकाला ओढून नेतो आणि पार्श्वसंगीत त्याच्या मागून चालते. म्हणजे गीत हे केंद्र आणि पार्श्वसंगीत ही पुरवणी.

ह्या दोन परंपरांच्या छेदनबिंदूवर ‘तुंबाड’ (२०१८) उभा आहे. त्याची पूर्वपीठिका भंडारा जिल्ह्यापर्यंत जाते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे ह्यांना १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राने नारायण धारप ह्यांची कथा सांगितली आणि त्या भयातून चित्रपटाचे बीज पडले. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा होण्यापूर्वी हा सारा वनप्रदेश भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. व्यंकटेश माडगूळकरांनी आपल्या पुस्तकाने हे अरण्य मराठी वाचकाच्या परिचयाचे केलेच होते. येथे महत्त्वाचे हे की, धारपांची छापील कथा बर्वे ह्यांच्याकडे आली ती सांगणाऱ्याच्या आवाजातून. दंडार आणि खडी गंमत रात्र-रात्र चालणाऱ्या झाडीपट्टीत हे नवल नव्हे. तेथे शब्द आणि साथ वेगळी काढताच येत नाहीत.

पुढील प्रवास मात्र विलक्षण आहे. मराठी कथा हिंदी चित्रपट झाली, नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारे राहिले, पार्श्वसंगीत रचले ‘हिटमॅन’, ‘असॅसिन्स क्रीड’ अशा संगणकीय खेळांचे संगीतकार येस्पर किड ह्या डॅनिश कलावंताने, आणि मराठी संगीतकार अजय-अतुल आले ते एका गीतापुरते. अर्थात मराठी स्वर स्वतःच्याच कथेत पुरवणी ठरला.

ह्यावर देशीवादी आक्षेप घेणे सोपे आहे. कोकणातील वाड्याला, पावसाला आणि सरकारवाड्याच्या लोभाला परक्या वाद्यवृंदाने काय द्यावे? हा आक्षेप दोन ठिकाणी अडखळतो. पहिले असे की, देशी आणि परके ही विभागणी संगीतकारांच्या जन्मभूमीवरून ठरत नाही. ‘सैराट’ (२०१६) साठी अजय-अतुल ह्यांनी हॉलिवूडमध्ये वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता आणि ते संगीत कोणाला परके वाटले नाही. दुसरे कारण संहितेतच आहे. हस्तर हा पूजा नाकारलेला, पुराणांतून पुसला गेलेला देव म्हणून कल्पिला आहे. त्याला संबळ, आरती वा गोंधळ दिला असता तर जी परंपरा त्याला नाकारते तीच त्याला बहाल झाली असती. ज्याचे दैवत्व स्मृतीबाहेर आहे त्याचा नादही स्मृतीबाहेरचा असावा, हे संगतच आहे. किड ह्यांच्या रचनेचा परकेपणा येथे अर्थपूर्ण ठरतो.

तथापि ह्या समर्थनालाही मर्यादा आहेत. शेवटी पिठाच्या अनेक बाहुल्यांबरोबर अनेक हस्तर प्रकटतात, तेव्हा संगीत विस्तारते आणि भयाचे रूपांतर झुंजीत होते. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ‘भय’ ह्या स्थायीभावाची जागा ‘उत्साह’ घेऊ लागतो. भयानकाला अवकाश लागतो. संगीताने तो भरून टाकला की प्रेक्षक घाबरण्याऐवजी निकालाची वाट पाहू लागतो.

चित्रपटातील सर्वांत परिणामकारक ध्वनी मात्र कोणत्याच संगीतकाराचा नाही. साखळदंडात बांधलेल्या म्हातारीला झोपविण्यासाठी हस्तरच्या नावाची धमकी उच्चारली जाते. मुलाला निजविताना बागुलबुवाची भीती घालावी, तशीच ही उलटी अंगाई : येथे मूल उच्चारते आणि झोपते ती आजी. अखेरीस शापित झालेल्या विनायकापुढे त्याचा मुलगा पांडुरंग तेच शब्द उच्चारतो, तेव्हा वारशाची साखळी तुटते. हे सूत्र वाद्यमेळाशिवाय पिढ्या ओलांडते, कारण ते मौखिक आहे. नागझिऱ्यात सांगितलेल्या कथेशी चित्रपटाचे नाते खऱ्या अर्थाने येथे जुळते.

म्हणूनच ‘तुंबाड’मधील अतिरिक्त संगीताचा प्रश्न श्रेयनामावलीतील क्रमाने सुटत नाही. छापील कथेला निवेदकाचा आवाज ही पुरवणी, त्या आवाजाला दृश्य ही पुरवणी, दृश्याला पार्श्वसंगीत आणि पार्श्वसंगीताला गीत. ह्या साखळीत अस्सल मूळ शोधू पाहणाऱ्या समीक्षेच्या हाती केवळ आणखी एक पुरवणी लागते. मराठी भयकथेच्या अभ्यासाने धारपांच्या छापील पानांबरोबरच त्या पानांना मिळालेल्या आवाजांचाही विचार करावयास हवा. अन्यथा ह्या कथांचा अर्धा इतिहास न ऐकताच लिहिला जाईल.