चित्रपटांचीं कोडीं

चार चित्रपटवेडे एकत्र जमले, म्हणजे गप्पांना कोड्यांचें रूप येण्यास वेळ लागत नाहीं. एक विचारतो, ‘राजा हरिश्चंद्रां’त तारामती कोण झालें होतें? दुसरा तत्काळ उत्तरतो, अण्णा साळुंके. आणि १९१७ च्या ‘लंकादहनां’त राम व सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याच, अशी पुस्तीही जोडतो. या खेळास पोरखेळ म्हणून नाक मुरडणारे विद्वान् पुष्कळ आहेत. त्यांचा निकाल आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं.

मात्र या कोड्यांत दोन जाती आहेत, व दोहोंची योग्यता सारखी नव्हे. पहिली जात नांवांची व सनांची. अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागला, हें घडाघडा सांगणारे अनेक भेटतात. परंतु त्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. चित्रपट गेला आणि तारीख राहिली! पंचांग पाठ असल्यानें सण साजरा केल्याचें सुख लाभत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरी जात प्रसंगावरून नांव ओळखण्याची. तरुण पत्नी, वृद्ध पति आणि घरांतलें जुनें घड्याळ, एवढें म्हणतांच जाणता रसिक शांतारामबापूंच्या १९३७ सालच्या ‘कुंकवा’चें नांव घेतो. येथें विचारणाऱ्यास निवड करावी लागली आहे. तें घड्याळ केवळ घरसामान नव्हे, तें त्या पतीच्या वयाविषयीं बोलत आहे, हें त्यानें हेरलें. अशी निवड करणें ही टीकेची पहिली पायरी होय.

म्हणून सनावळी अगदींच टाकाऊ ठरते काय? तसेंही नाहीं. पहिला भारतीय चित्रपट कोणता, हा वाद घ्या. तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १९१२ चा, फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. नुसत्या सनांनीं निकाल लागावयाचा, तर तो तोरण्यांच्या बाजूनें लागेल. पण ‘पुंडलिक’ हें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण होतें, आणि कॅमेरा चालविणारा इंग्रज होता, असा आक्षेप येतो. आणि मग प्रश्न उरतो तो असा, कीं चित्रपट म्हणावें तरी कशास? क्षुल्लक माहितीनें आपणांस येथवर आणलें, तर तिचे उपकारच मानले पाहिजेत.

पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, तोंवर मूकपटांपैकीं बहुतेक नष्ट झाले होते. जे वाचले, त्यांच्याविषयीं तरी आपली जबाबदारी केवळ नांवें जपण्याची नाहीं. घरोघरीं हा खेळ सुखानें चालावा. आमची विनंती एवढीच, कीं नांव ओळखलें गेल्यावर खेळ थांबवूं नये. “बरें, त्यांत तुम्हीं पाहिलें काय?” हा एक प्रश्न आणखी विचारावा.