थांबणं जाणणारी चिप

लिथियम-आयन सेलचा चार्जर किती वेगानं भरतो याचं कौतुक फार होतं. मी मात्र तो कुठे थांबतो ते आधी पाहतो. म्हणूनच टीपी४०५६ ही आठ पायांची, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारी स्वस्त चिनी चिप पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते.

१८६५० मापाचा सेल जोडला की ती आधी त्याचं व्होल्टेज पाहते. ते २.९ व्होल्टच्या खाली असेल, तर ठरलेल्या करंटचा फक्त दहावा हिस्सा देते. हा आरंभ मला सर्वांत सुंदर वाटतो. फार खोल उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं. त्याच्यावर एकदम १ अँपिअर सोडणं धोक्याचं. सेल सावरला की पूर्ण करंट. ४.२ व्होल्ट आले की व्होल्टेज तिथेच धरायचं आणि करंट आपोआप उतरू द्यायचा. तो पुन्हा दहाव्या हिश्श्यावर आला की भरणं बंद! शिशाच्या बॅटरीला चालतो तसा बारीक प्रवाह मागे चालू राहत नाही, कारण लिथियमला तो सोसत नाही. आरंभी आणि अखेरीस तोच दहावा हिस्सा. या रचनेतला तोल किती देखणा आहे!

आता अशा चार सेलसाठी चार खण एका डब्यात मांडायचे. चारही सेल समांतर जोडून एकाच चिपवर भागवण्याचा मोह इथे होतो. पण ४.१ आणि ३.२ व्होल्टचे सेल एका तारेवर आले की भरलेला सेल रिकाम्यात ओतू लागतो. दोघांचा अंतर्गत रोध मिळून ०.१ ओहम धरला तरी सुरुवातीचा करंट ९ अँपिअर होतो, आणि चिपला त्याचा पत्ताही लागत नाही. तिला दिसतं ते चौघांचं मिळून एकच व्होल्टेज. त्यातला आजारी कोण, हे तिला कळणार कसं? म्हणून प्रत्येक खणाला स्वतंत्र चिप हवीच.

मग प्रश्न उष्णतेचा. ५ व्होल्टवरून ३ व्होल्टच्या सेलला १ अँपिअर देताना २ वॅट चिपमध्येच जळतात. चार खणांचे ८ वॅट झाले, आणि ते शेजारच्या सेलना तापवतात. करंट ठरवणाऱ्या प्रोग्रॅम पिनवर १.२ ऐवजी २ किलोओहमचा रेझिस्टर लावला की करंट ५८० मिलीअँपिअरवर येतो. वेळ जास्त लागेल, पण डबा निवांत राहील. हा सौदा मी आनंदानं करीन.

चिपच्या उणिवाही आहेत. सेल उलटा बसला तर तिच्याकडे बचाव नाही, म्हणून खणाची घडण किंवा वेगळा मॉसफेट ते काम करतो. तिच्यात वेळेची मर्यादाही नाही. आतून गळणाऱ्या सेलचा करंट कधी उतरलाच नाही, तर ती भरतच राहील. तिथे बाहेरून टायमर लागतो.

खरं दुःख वेगळंच आहे. तापमान ओळखणारी पिन या चिपला मुळातच दिलेली आहे, पण बाजारातल्या बहुतेक तयार मॉड्यूलवर ती थेट ग्राउंडला जोडून निकामी केलेली असते. शून्य अंशाखाली भरताना ॲनोडवर धातुरूप लिथियम साचतं, आणि तापलेला सेल भरणं तर उघड धोक्याचं. हे सारं टाळणारी पिन दोन रेझिस्टर आणि एका थर्मिस्टरचा खर्च वाचवण्यासाठी बंद करणं मला अक्षम्य वाटतं.

असा चार्जर बनवणार असाल, तर तापमानाच्या त्या पहिल्या पिनचा ग्राउंडशी असलेला जोड तोडा आणि प्रत्येक खणात सेलच्या अंगाला टेकेल असा थर्मिस्टर बसवा.