फौजदारी शब्दांची पारख

कायद्याचें पुस्तक वाङ्मयांत मोडतें कीं नाहीं, या प्रश्नाचा निकाल लावण्याचा आमचा आज विचार नाहीं. परंतु ज्या पुस्तकांतील एका शब्दाच्या अर्थावर माणसाचें आयुष्य तरतें किंवा बुडतें, त्याच्या भाषेकडे साहित्याच्या अभ्यासकानें अजिबात पाठ फिरवावी, हेंही आम्हांस योग्य वाटत नाहीं. कादंबरींतील शब्द चुकला तर वाचकाचा थोडा रसभंग होतो. फौजदारी कायद्यांतील शब्द चुकीचा वापरला तर कोणाच्या तरी अब्रूस धक्का लागतो. म्हणून त्या शब्दांची थोडी पारख करावी, आणि त्यांतही कायद्यापेक्षां आपल्या घरांतील व वृत्तपत्रांतील बोलण्याची अधिक करावी, असें आम्हीं योजिलें आहे.

यांतील बहुतेक कल्पना आपल्याकडे ज्या ग्रंथानें रूढ केल्या तो भारतीय दंडविधान होय. मेकॉले याच्या नेतृत्वाखालीं त्याचा मसुदा १८३७ सालीं तयार झाला, १८६० सालीं त्याचा कायदा झाला, आणि १ जानेवारी १८६२ पासून तो अमलांत आला. १ जुलै २०२४ रोजीं त्याची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. ५११ कलमांच्या ठिकाणीं ३५८ कलमें आलीं. तथापि मूळ व्याख्या व त्यांखालचीं उदाहरणें पुष्कळशीं कायम राहिलीं, हें चांगलेंच झालें. मेकॉलेच्या इतर मतांविषयीं वाचकांचें कांहींही म्हणणें असो. त्या उदाहरणांच्या कसबाबद्दल त्यास दाद दिलीच पाहिजे.

चोरीचें एक उदाहरण पाहा. यजमानाच्या मेजावरील अंगठीवर एका माणसाची नजर जाते. झडतीच्या भीतीनें ती लगेच लांबविण्याची त्याची छाती होत नाहीं. म्हणून बोभाटा विरल्यावर काढून विकण्याच्या बेतानें तो ती यजमानास सांपडणार नाहीं अशा जागीं दडवून ठेवतो. चोरी केव्हां झाली? अंगठी विकली तेव्हां नव्हे; मेजावरून पहिल्यानें हलविली, त्याच क्षणीं. उलट, तीच अंगठी रस्त्यावर कोणाच्याही ताब्यांत नसतां सांपडली आणि उचलली, तर ती चोरी नव्हे. अपहार मात्र होऊं शकेल. एवढ्याशा दोन गोष्टींत गुन्ह्याचें सारें तत्त्व येऊन जातें. केवळ कृतीनें बहुधा गुन्हा होत नाहीं, आणि केवळ पापी मनानेंही होत नाहीं; दोहोंचा संयोग व्हावा लागतो.

पण मन म्हणजे मनाचा कोणता भाग? येथें आमची भाषा घोटाळा करते. एखादी गोष्ट कां केली, हा एक प्रश्न. आणि काय घडवून आणण्याचें ठरवून केली, हा दुसरा. पहिल्यास हेतु म्हणावें, दुसऱ्यास उद्देश. आजारी मुलाच्या औषधासाठीं कोणी शेजाऱ्याच्या पेटींतून पैसे काढले, तर त्याचा हेतु वात्सल्याचा. पण उद्देश दुसऱ्याचें द्रव्य अप्रामाणिकपणें घेण्याचाच. गुन्हा झाला कीं नाहीं हें ठरवितांना कायदा उद्देशाकडे पाहतो. हेतु हा पुराव्यास साहाय्य करतो, किंवा शिक्षेचें माप ठरवितांना न्यायाधीशाच्या विचारांत येतो. आमचे कित्येक कादंबरीकार व नाटककार मात्र हेतु शुद्ध दाखविला कीं नायक निर्दोष झाला असें समजून पडदा पाडतात. सहानुभूति आणि निर्दोषत्व या दोन वस्तु एक नव्हेत; ज्या लेखकास त्या वेगळ्या ठेवतां येतात त्याच्याच हातून मोठें नाटक होण्याचा संभव.

वृत्तपत्रांची गोष्ट याहून निराळी नाहीं. दोघांनीं पेढी लुटली तरी तेथें ‘दरोडा’ पडतो. कायद्यांत दरोड्यास निदान पांच माणसें लागतात. चौघांनीं तेंच केलें तर ती जबरी चोरी. ‘अजामीनपात्र’ या शब्दानें तर सुशिक्षितांचीही फसगत होते. अशा गुन्ह्यांत जामीन मिळतच नाहीं, असा त्याचा अर्थ नव्हे. तो हक्कानें मागतां येत नाहीं, न्यायालयाच्या विवेकावर असतो, एवढाच अर्थ. शब्दांचे अर्थ फिरतात, हें आम्हांसही मान्य आहे. जुन्या दप्तरांत ‘गुन्हेगारी’ म्हणजे गुन्ह्याबद्दल वसूल केलेला दंड. ‘खंडणी’ ही तर राजसत्तेची उघड वसुली, तीच आज भय घालून पैसे उकळण्याच्या गुन्ह्याचें नांव होऊन बसली आहे. फसवणुकीचें ४२० वें कलम नव्या संहितेंत ३१८ व्यांत गेलें, तरी लबाड माणूस आमच्या तोंडीं ‘चारसोबीस’च राहणार. अशा बदलांनीं कोणाचें नुकसान होत नाहीं. नुकसान होतें तें दोन जिवंत अर्थ एकाच शब्दांत कोंबल्यानें.

‘खून’ हा शब्द त्यांतलाच. माणूस माणसाच्या हातून मेला कीं आम्ही खून झाला म्हणतों. कायद्याच्या दृष्टीनें सदोष मनुष्यवध हें मोठें वर्तुळ, आणि खून हें त्याच्या आंतील लहान वर्तुळ. केवळ हयगयीनें घडलेला मृत्यु या दोहोंच्याही बाहेर. हा भेद निव्वळ शब्दच्छल नव्हे, याची साक्ष नानावटी खटल्यानें दिली. १९५९ सालीं मुंबईंत नौदलाचे अधिकारी नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांनीं त्यांच्या पत्नीच्या प्रियकराचा अंत झाला. झटापटींत गोळ्या सुटल्या, असें बचावाचें म्हणणें होतें. आणि तें न पटल्यास, गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळें हा खून न ठरतां सदोष मनुष्यवध ठरावा, अशी दुसरी बाजू होती. नऊ पंचांपैकीं आठांनीं आरोपीस निर्दोष म्हटलें. न्यायाधीशांस तें पटलें नाहीं. प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेलें, तेथें खुनाचा गुन्हा शाबीत ठरला, आणि १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. पत्नीनें कबुली दिल्यानंतर तिला व मुलांना चित्रपटगृहापाशीं सोडणें, जहाजावर जाऊन शस्त्र मिळविणें, यांत सुमारें तीन तास गेले होते. प्रक्षोभ गंभीर असेल. पण तो ‘आकस्मिक’ उरला होता काय? जन्मठेप होणार कीं त्याहून सौम्य शिक्षा, हें त्या वेळीं या एका विशेषणावर अवलंबून होतें. विशेषणें सढळ हातानें वापरणाऱ्या आम्हां लेखकांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

येथवर आम्हीं इतरांचे दोष दाखविले. आतां स्वतःचा सांगितला पाहिजे. आमचा एक जुना विद्यार्थी एका पतपेढींत हिशेबनीस होता. रकमेंत तूट आली, त्याला अटक झाली, आणि दुसऱ्या दिवशीं एका पत्रांत त्याचें नांव ‘अपहार करणारा’ या विशेषणासह छापून आलें. चार वर्षांनीं न्यायालयानें त्याला निर्दोष ठरविलें. ती बातमी आमच्या तरी पाहण्यांत आली नाहीं. पुढें नव्या नोकरीसाठीं तो शिफारसपत्र मागावयास आला. आम्हीं मोठ्या आपुलकीनें लिहिलें, कीं हा गृहस्थ हुशार आहे, आणि पूर्वीच्या एका प्रकरणांतून तो सुटला आहे. त्यानें पत्र वाचलें, घडी घातली, आणि हळूच विचारलें, “सर, सुटला म्हणजे काय?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. जामिनावर बाहेर आला तोही सुटला. खटला चालविण्याजोगा आधार नाहीं म्हणून आरोपमुक्त झाला तोही सुटला. साक्षीपुरावा होऊन निर्दोष ठरला तोही सुटला. आणि शिक्षा पुरी भोगून आला तोही सुटलाच. या चौघांस आम्हीं एकाच क्रियापदांत बसविलें आहे. त्यांतही ‘पुराव्याअभावीं’ असा शब्द पुढें जोडून आम्ही न्यायालयाचा निकाल दिवाणखान्यांत फिरवितों. गुन्हा सिद्ध करण्याचा भार फिर्यादीपक्षावर असतो. तो त्याला पेलला नाहीं म्हणजे मनुष्य पूर्ववत् निर्दोष राहतो. निम्मा निर्दोष अशी अवस्था कायद्यांत नाहीं. ती केवळ आमच्या जिभेवर आहे.

वस्तुतः आमच्या परंपरेनें याविषयीं पुरेशी सूचना देऊन ठेविली आहे. वेदान्तांत दोरीवर सापाचा आरोप होतो. दिवा आणला म्हणजे दोरी ती दोरीच. अलंकारशास्त्रांत मुखावर चंद्राचा आरोप होतो. त्यामुळें मुख कांहीं आकाशांत जात नाहीं. आरोप म्हणजे एका वस्तूवर दुसरीची स्थापना. ती खरी कीं खोटी हें नंतर ठरावयाचें. व्युत्पत्ति काटेकोर पाहिली तर ‘आरोपी’ म्हणजे आरोप करणारा असाच अर्थ व्हावा, आणि ज्यावर आरोप झाला त्यास ‘आरोपित’ म्हणावें. रूढीनें तें उलटें केलें. त्याबद्दल भांडण्यांत हंशील नाहीं. परंतु आरोपी व गुन्हेगार या दोन शब्दांमध्यें जें अंतर आहे तें मात्र रूढीलाही मिटवूं देतां कामा नये. त्या अंतरांत साक्षीदार आहेत, उलटतपासणी आहे, वकील आहे, न्यायाधीश आहे. तें मिटलें म्हणजे या सर्वांची गरज उरत नाहीं. सकाळचें वृत्तपत्र तेवढें पुरतें.

तें शिफारसपत्र आम्हीं त्याच्या देखत फाडलें आणि दुसरें लिहिलें. त्यांत त्या प्रकरणाचा उल्लेख केला नाहीं. तो पहिल्या पत्रांत करण्याचेंही कांहीं कारण नव्हतें.