न वटलेली संकेतस्थळं

वेबसाइटला मराठीत 'संकेतस्थळ' हा शब्द ज्याने कोणी योजला, तो इसम संस्कृत नाटकं वाचलेला असणार यात शंका नाही. पूर्वी संकेतस्थळ म्हटलं की नदीकाठचं झाड, नाहीतर गावाबाहेरचं पडकं देऊळ डोळ्यांपुढे यायचं. नायिका भर पावसात, काट्याकुट्यांतून, पैंजण वाजू नयेत म्हणून ते वर सरकवून तिथे पोचायची. आता संकेतस्थळावर कोण जातं? तर ज्याच्या वॉशिंग मशीनमधून रात्री साडेआठ वाजता पाणी गळायला लागलं आहे असा चाळिशीतला गृहस्थ. पैंजणांऐवजी पायजमा वर सरकवलेला, पण तळमळ तीच! फरक एवढाच, की नायिकेला नायक बहुधा भेटायचा. या बिचाऱ्याला दुरुस्तीवाला भेटत नाही. त्याला भेटतं 'अवर व्हिजन'.

साहित्याची समीक्षा करायला म्हणे पीएच.डी. लागते. प्रस्तुत लेखक साधा बी. कॉम. आहे आणि गेली वीस वर्षं बँकेत चेक तपासतो. पण चेक हा काही ऐरागैरा साहित्यप्रकार नाही, बरं का! कोणाला द्यायचे, किती द्यायचे, कधी द्यायचे आणि कोण देतंय, एवढं चार ओळींत सांगायचं. उपमा नाही, प्रतीक नाही, तरी वाचकाच्या काळजाला थेट हात. यातलं एक जरी चुकलं तरी आम्ही कारणाची चिठ्ठी लावून चेक परत पाठवतो. गेले काही महिने संध्याकाळी मी हाच चष्मा लावून छोट्या धंद्यांच्या वेबसाइट वाचतो आहे. फ्रीज दुरुस्तीवाले, गादीवाले, ढेकूण मारणारे, घरगुती डबे देणाऱ्या काकू. माणसं उत्तम, कामं चोख. पण वेबसाइट? दहातल्या आठ तरी मी चिठ्ठी लावून परत पाठवीन.

परत पाठवण्याचं कारण पहिलं: रक्कम अक्षरी भरपूर, अंकी निरंक. पान उघडावं तर 'वेलकम'. त्याखाली 'ग्राहकांच्या जीवनात गुणवत्तापूर्ण परिवर्तन घडवण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.' अहो, परिवर्तन नको, पाइप बदलून द्या! तपासणीचे किती घेता, कुठल्या भागात येता, रविवारी येता का, याबद्दल चकार शब्द नाही. फोन नंबर शोधत खाली खाली जावं, तर तो चित्रात कोरलेला. त्यावर बोट टेकवून फोन लागत नाही. म्हणजे ओल्या हातांनी कागद-पेन्सिल शोधा आणि उतरवून घ्या. कित्येक ठिकाणी तर नंबरच नाही. एक फॉर्म असतो. नाव भरा, ईमेल भरा, 'मेसेज' भरा, 'आम्ही लवकरच संपर्क साधू.' तोवर पाणी खालच्या मजल्यावर संपर्क साधून येतं.

कारण दुसरं: सही जुळत नाही. पानावर फोटो असतो पिवळं हेल्मेट घातलेल्या, सोनेरी केसांच्या, दुधासारखे दात असलेल्या परदेशी गृहस्थाचा. दारात प्रत्यक्ष येतात ते आपले ओळखीचे काका, स्कूटरच्या पायाशी हत्यारांची पिशवी आणि मागे पुतण्या. खरं सांगतो, त्या काकांचा पिशवीसकट फोटो लावला असता तर गिऱ्हाईकाने डोळे मिटून घरात घेतलं असतं. एका ठिकाणी तर 'आमच्या सेवा' या मथळ्याखाली चक्क लॅटिन मजकूर होता. छापखान्यातले लोक नमुन्याचं पान भरायला वापरतात तो 'लोरेम इप्सम' वेबसाइटवाल्याने बदलायचाच ठेवला होता. हा मजकूर मोडतोड होऊन आला आहे सिसेरोच्या इसवी सनापूर्वी ४५च्या ग्रंथातून आणि त्यात सुखदुःखाची तात्त्विक चर्चा आहे. गळक्या मशीनपुढे उभं राहून ती चर्चा वाचण्याइतकी स्थितप्रज्ञता निदान आमच्या सोसायटीत तरी कोणाकडे नाही.

कारण तिसरं: चेक शिळा. आमच्याकडे १ एप्रिल २०१२ पासून चेकचं आयुष्य तीन महिने. वेबसाइटला मात्र अमरत्व! 'दिवाळी २०१९ खास सवलत' अजून झळकते आहे. कोणी ती सवलत मागितली तर काका म्हणतात, "ते कुठे वाचलंत तुम्ही?"

आता गंमत पाहा. याच काकांच्या दुकानावर जी पाटी आहे, ती वाङ्मयाचा उत्तम नमुना आहे. 'येथे फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन दुरुस्त करून मिळतील. दुपारी १ ते ४ बंद. सोमवारी पूर्ण बंद. दुरुस्त वस्तू महिन्याच्या आत न्यावी.' काय राहिलं सांगा यात? मग हाच लेखक संगणकापुढे बसला की त्याची लेखणी का बिघडते? ओळखीतल्या मुलाकडून वेबसाइट करून घेण्याचा असा एक सोहळा मी शेजारच्या स्टुलावर बसून पाहिला आहे.

"काका, पहिल्या पानावर काय टाकू?"

"पाटीवर आहे तेच टाक की."

"छे हो, ते भारी नाही वाटत. व्हिजन टाकू?"

"त्याचे वेगळे पैसे पडतील?"

"नाही."

"मग टाक."

झालं! जे फुकट मिळतं ते आपण नाकारत नाही, आणि जिथे पाटी हवी तिथे लग्नाचा मांडव उभा राहतो.

जगातली पहिली वेबसाइट कशी होती, ठाऊक आहे? १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ती लोकांसाठी खुली केली. ना चित्र, ना फिरणारी पट्टी. हे काय आहे, यात काय काय मिळेल, मदत कुठे मिळेल, यामागची माणसं कोण, असा साधा मजकूर आणि पुढे नेणारे दुवे. अणूच्या पोटात शिरणाऱ्या शास्त्रज्ञांचं भागलं ते एका साध्या पानावर! पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्या जगाला मोफत वापरायला देऊन टाकलं. आणि आपण त्यावर पिवळं हेल्मेट चढवलं.

इथपर्यंतचा दोष हसण्यावारी नेता येतो. पण परतीचं चौथं कारण आहे, तिथे हसू येत नाही: खातं दुसऱ्याच्या नावावर. वेबसाइटचा जो पत्ता असतो, ज्याला डोमेन म्हणतात, तो विकत मिळत नाही. तो भाडेपट्टा असतो. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचा, बहुतेक लोक वर्षावर्षाचा घेतात. ज्याच्या नावाने नोंदला त्याचा, आणि मुदत संपायची सूचना जाते तीही त्याच्याच ईमेलवर. वर सांगितलेल्या त्या गुणी मुलाने सगळं स्वतःच्या नावावर नोंदलं. वाईट हेतू काही नव्हता, काकांना ईमेल नव्हता एवढंच. पुढे मुलाला नोकरी लागली, तो परदेशी गेला, सूचना आल्या त्या त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहिल्या. मुदत टळली, पत्ता मोकळा झाला आणि दुसऱ्या कोणीतरी उचलला. काकांच्या छोट्या टेम्पोवर, बिलांवर, गल्लीतल्या प्रत्येक फ्रीजच्या पाठीवर चिकटवलेल्या स्टिकरवर तो पत्ता आहे. तो उघडला की आता पत्त्यांचा जुगार लागतो. तीस वर्षं ज्या माणसाने कोणाचा स्क्रू जास्तीचा काढला नाही, त्याच्या नावाने! काका मला म्हणाले, "साहेब, पैसे तर मी दिले होते ना?" यावर बँकेतल्या माणसाने काय बोलावं? पैसे कोणी भरले ते पासबुक विचारत नाही, खातं कोणाचं ते विचारतं.

फुकटच्या जागेचंही तसंच. गूगलने छोट्या धंद्यांना बिझनेस प्रोफाइलमधून एकपानी वेबसाइट फुकट करून दिल्या होत्या, त्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. तक्रार कुठल्या तोंडाने करणार? घरमालकाने ओसरी दिली होती, ओसरी परत घेतली.

तेव्हा समीक्षकाचा निकाल असा. एक पान पुरे. वर स्वतःचं नाव आणि काम, मराठीत. गिऱ्हाईक मराठीतच वैतागतं. मग बोट लावताच लागणारा फोन नंबर, कुठल्या भागात येता, किती वाजेपर्यंत, आणि येण्याचे किमान किती घेता ते अंकांत. फोटो स्वतःचा. पत्ता स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, आणि नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी. एवढं असलं की माझ्याकडून पास, शिक्का मारून.

आणि हो, दुपारी एक ते चार बंद असेल तर तेही ठळक लिहा. गिऱ्हाईक अजिबात रागावत नाही. आमच्या पुण्यात तर त्याशिवाय दुकान खरं वाटत नाही.